घरचा आंबा

किन्हीराजा गावच्या आमच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक आंबा उभा आहे. दर उन्हाळ्यात त्याच्यावरून घरात वाद होतो. नातवाचं म्हणणं, हे झाड काढून टाकावं, याच्या सावलीनं पिकाचे चार तास, म्हणजे चार ओळी, वाया जातात आणि फळ तर असं की रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा दुसऱ्यांदा दगड मारत नाही. त्याचं बोलणं अगदी खरं आहे. मी एवढंच म्हणते, मी आहे तोवर राहू द्या. नातसून विचारते, "काहून आजी, एवढं काय हाये त्याच्यात?" तिला उत्तर द्यायचं तर शिवराम मास्तरांपासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढं बसून ऐकायला कोणाला सवड नसते. म्हणून लिहून ठेवते आहे.

बाबांची बदली वाशीमला झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते. वाशीम त्या काळी अकोला जिल्ह्यात होतं. बाबा कचेरीत कारकून. आम्हाला जी गल्ली मिळाली तिच्यात उजव्या हाताला शिवराम मास्तरांच्या दोन खोल्या आणि समोर याकूबचाचा बागवानांचं घर. मास्तर एकटेच राहायचे. त्यांची बायको वेणूबाई आम्ही त्या गल्लीत येण्याच्या कितीतरी आधी वारली होती. तिला आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं, आणि मास्तर तिच्याबद्दल बोलत ते फार थोडं. बोलले तर "आमच्या घरचे" म्हणत, नाव घेत नसत.

मास्तर उंच आणि वाळके, अंगातला कोट बाराही महिने तोच. कोटाच्या खिशात खडूचे तुकडे असायचे, त्यामुळे ते ज्याला हात लावतील ते पांढरं होई. आमच्या दाराची कडी, याकूबचाचांच्या बैलाचं शिंग, माझी वेणी, सगळ्यांवर त्यांची बोटं उमटलेली असत. स्वयंपाक स्वतः करत. भाजी बिघडली की आईला दाखवायला आणत आणि नेमकी कशी बिघडली ते सांगायला लावत. "बिघडली" एवढ्यानं त्यांचं भागत नसे.

हा त्यांचा खरा रोग होता. ढोबळ शब्द त्यांना सहन होत नसत. संध्याकाळी गल्लीतल्या आम्हा मुलींना ते ओट्यावर बसवून शिकवायचे. ऊन कसं होतं विचारलं आणि मी "कडक" म्हटलं की म्हणायचे, "कडक तं शिळी भाकरबी रायते. ऊन कसं होतं ते सांग." मग मी डोकं खाजवत बसायची. शेवटी म्हणायची, पाय ठेवला की उचलावा लागत होता. त्यावर ते मान डोलवायचे आणि पाटीच्या कोपऱ्यावर खडूचा एक ठिपका द्यायचे. तो ठिपका मिळाला की मी तो दिवसभर पुसू देत नसे.

एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. एका मुलानं नकाशावर नद्या दाखवल्या. साहेब खूश होऊन "उत्तम" म्हणाले. मास्तरांनी तिथल्या तिथे हात जोडून विचारलं की साहेब, काय उत्तम झालं ते पोराला सांगाल का, कारण त्यानं पैनगंगा उलटी वाहवली आहे. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं ते मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही. पण पुढे बरीच वर्षं त्यांना वरचा वर्ग मिळाला नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलेलंही दिसलं नाही.

असा हा माणूस. आणि याच माणसाशी आम्ही सगळे दहा वर्षं खोटं बोललो.

मास्तर मूळचे रिठदचे. गावाबाहेर नाल्याच्या काठी वडिलांकडून आलेला जमिनीचा एक तुकडा होता, त्यात त्यांनी बारा आंबे लावले होते. पहिलं झाड वेणूबाईच्या कोयीचं. मास्तरांनी बाजारातून आंब्यांनी भरलेली डाल आणली होती, तिच्यातला एक आंबा तिनं खाल्ला आणि म्हणाली, असा आंबा मी जन्मात खाल्ला नाही, ही कोय टाकायची नाही. मास्तरांना चाखायलासुद्धा ठेवला नाही. रिठदला गेली तेव्हा नाल्याच्या काठी तिनं स्वतःच्या हातानं ती कोय पुरली. त्याच साली ती माहेरी गेली आणि तिकडेच वारली. एवढीच गोष्ट मास्तर सांगायचे, दर वेळी याच शब्दांत. पुढे त्या रोपाला सोबत असावी म्हणून त्यांनी भोवती अकरा कोयी लावल्या. शनिवारी शाळा सुटली की चालत रिठदला जायचे आणि रविवारी पाणी घालून परत यायचे. अशी काही वर्षं काढल्यावर ती आमराई उभी राहिली.

आता रीत अशी की ज्यानं आमराई लावली त्यानं तिच्यातल्या एका झाडाचं लग्न लावल्याशिवाय तिचं फळ तोंडात घालायचं नाही. झाड म्हणजे मुलगा. त्याच्या बुंध्याशी चमेलीचा वेल लावायचा, ती नवरी. हळद, अक्षता, मंगलाष्टकं, जेवण, सगळं माणसांच्या लग्नासारखं. लावणारा आणि त्याची बायको नवरदेवाचे आईबाप म्हणून पाटावर बसतात. ते एकदा पार पडलं की मग खुशाल खा. दुसऱ्यांना आधी खायला काही आडकाठी नसते, ती फक्त लावणाऱ्याला.

मास्तर पाटावर बसणार कोणाबरोबर? रिठदचे लोक म्हणाले, भाऊ-भावजयीला बसवा, काय अडलं आहे. मास्तर म्हणाले, कोय पुरली तिनं आणि आई म्हणून दुसरी बसेल, हे मला जमायचं नाही. दुसरं लग्न करायलाही त्यांनी नकार दिला. त्यामुळे आमराई फळाला आली, तरी मास्तरांना तिची चव माहीत नव्हती.

म्हणून दर वैशाखात झाडाला पाड लागला की आमची वरात निघायची. दोन बंड्या जुंपायच्या, एक आमची, एक याकूबचाचांची. आमच्या बंडीत आईबाबा, मी, धाकटी भावंडं आणि वांग्यांची टोपली. चाचांच्या बंडीत चाची, त्यांची लेकरं, झेले, म्हणजे आंबे काढायच्या जाळीच्या काठ्या, आणि रिकाम्या डाली. मास्तर कधीच बंडीत बसत नसत. बैलांच्या पुढे पुढे चालायचे आणि मधून मधून मागे वळून आम्ही येतोय ना ते बघायचे. पोचल्यावर आई आणि चाची शेणाच्या गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायला टाकत आणि आम्ही पोरं झेले घेऊन झाडांना लागत असू. तो दिवस आमचा सगळ्या वर्षातला मोठा दिवस होता, दिवाळीपेक्षाही मोठा.

पण आंबा तोंडाला लावला की परीक्षा सुरू. मास्तर समोर येऊन उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे. "सांग बरं गंगे. गोड म्हनू नको, गोड तं गूळबी असते. जिभीवर आदी काय येते?" मी सांगायची, आधी थोडं खोबरं, मग गोडी, मग घशात शोप, म्हणजे बडीशेप. मास्तरांची जीभ वरच्या ओठाला लागायची, जणू तीही शोधते आहे. मग विचारायचे, शोप कच्ची की भाजलेली. त्यावर चाचांची सलमा आणि माझं भांडण लागायचं आणि ते मिटेपर्यंत आम्हाला आणखी एकेक आंबा खावा लागायचा. अशी त्यांनी अकरा झाडांची चव आमच्या तोंडून मिळवली. शोप्या, खोबऱ्या, तेल्या, साखऱ्या, अशी नावं ठेवली. कोणी नवखा माणूस आला तर असं ठासून सांगायचे, हा तेल्या, याचा रस हाताला चिकटत नाही आणि शेवटचा घोट जरासा तुरट लागतो, की त्यांनी तो कधी चाखलेलाच नाही हे कोणाच्या मनातही येत नसे.

वेणूबाईचं झाड मात्र सगळ्यांत आधी लावलेलं असून सगळ्यांत उशिरा फळाला आलं. मी नऊ वर्षांची होते. त्या साली त्याला पंचवीस-तीस आंबे लागले होते. पिकले तेव्हा रंग केशरी, आणि वास तर असा की नाल्याच्या पलीकडे कळावा. मास्तरांनी त्याला नाव दिलं होतं, घरचा. पहिला आंबा त्यांनी स्वतः झेल्यानं काढला, पाण्यानं धुतला आणि आईच्या हातात दिला. वहिनी, पहिला तुम्ही, म्हणाले.

आईनं चीक काढला, तोंडाला लावला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आंबा जहाल आंबट होता. नुसता आंबट म्हणण्यातही काही अर्थ नाही, मास्तरांना चाललं नसतं. दात शहारत, कानामागची शीर ताठ होई आणि डोळे आपोआप मिटत. पण मास्तरांनी आईच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, आणि त्यांचेही डोळे भरून आले. आई तशी काही खोटं बोलणारी बाई नव्हती. पण त्या चेहऱ्याकडे बघून "आंबट आहे" म्हणायची तिची हिंमत झाली नाही. तिनं घोट गिळला आणि म्हणाली, "अमृत आहे, मास्तर."

मग आंबा बाबांकडे गेला. बाबांनी एकदा आईकडे पाहिलं आणि मान डोलवली. मग चाचांकडे. याकूबचाचांचा फळांचा सगळा धंदा जिभेवर चालायचा. नुसत्या देठाच्या वासावरून ते झाड ओळखत. त्यांनी चाखलं, थोडा वेळ डोळे झाकून बसले आणि म्हणाले, "मास्तरसाब, ये तो घर का माल है. इसकू बाजार में नै ले जाते." मास्तरांच्या अकरा झाडांचा बहार तेच घ्यायचे. बारावं झाड त्यांनी असं अलगद बाजूला ठेवलं, आणि मास्तरांना वाटलं की हा केवढा मान ठेवला.

शेवटी माझी पाळी. मास्तर माझ्यासमोर उकिडवे बसले. "गंगे, तुह्यावर भरोसा हाये. नीट सांग." मी आईकडे पाहिलं. आई रोडगे उलटत होती, तिनं मान वर केली नाही. आता अमृत म्हणून माझं भागणार नव्हतं, मी त्यांची शिष्या होते. मी सांगितलं, आधी मध लागतो, मग दूध आटवल्यासारखं काहीतरी, आणि गिळल्यावर केवड्याचा वास राहतो. हे कुठून सुचलं देव जाणे. मास्तरांनी ते हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिलं. मग खिशातून खडू काढून माझ्या कपाळावर ठिपका दिला. शब्द त्यांनीच शिकवले होते, आणि मी ते त्यांच्यावरच वापरले.

पुढल्या वर्षी सांगू, असं घरी ठरलं. पुढल्या वर्षी मास्तर वाटभर केवड्याचंच बोलत होते. मग त्याच्या पुढल्या वर्षी सांगू म्हणालो. दर वर्षी सांगणं जास्त अवघड होत गेलं, कारण आता नुसता आंबा आंबट आहे एवढंच सांगायचं नव्हतं, आम्ही सगळे इतकी वर्षं काय करत होतो तेही सांगावं लागणार होतं. आई त्या आंब्यांचं लोणचं घालायची, रस म्हणून गूळ मिसळून खायला घालायची, आणि मास्तरांनी विचारलं की म्हणायची, संपलेसुद्धा. एकदा बाबा खरंच सांगायला म्हणून त्यांच्या खोलीत गेले होते. तासाभरानं परत आले ते हातात घरच्या आंब्याची चार रोपं घेऊन. कारण मास्तरांनी आता कोयींची रोपं करायला घेतली होती. गल्लीतली मुलगी सासरी निघाली की तिला ते एक रोप देत. असा आंबा सगळ्यांच्या घरी असावा, म्हणत.

मी सोळा वर्षांची झाले तेव्हा किन्हीराजाचे लोक मला बघायला आले. त्यांना शेजाऱ्याकडून चौकशी करायची होती, आणि शेजारी मास्तर. आईचा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण मास्तर काय बोलतील याचा नेम नसे. सासऱ्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे. मास्तर म्हणाले, भाकर गोल होत नाही, हट्टी आहे, सुईत दोरा ओवायला तास लावते. आईनं दाराआड डोक्याला हात लावला. मग मास्तर म्हणाले, "पन एक सांगतो. हे पोरगी खोटं बोलत नाई. मी हिले धा-बारा साल झाले पाहून राह्यलो." सासरे म्हणाले, बाकीचं शिकवून घेऊ, एवढं असलं की झालं. माझं लग्न त्या एका वाक्यावर ठरलं. मी आत पाण्याच्या रांजणाला टेकून रडत होते आणि सगळ्यांना वाटत होतं, मुलीला माहेर सुटण्याचं दुःख झालं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी सांगायचं ठरवून मास्तरांच्या ओट्यावर गेले. त्यांनी माझ्यासाठी रोप मातीच्या मडक्यात बसवून ठेवलं होतं, भोवती ओल्या गवताची चुंबळ केली होती. मला बघून म्हणाले की किन्हीराजाची जमीन काळी आहे, पाणी तुंबेल अशा जागी लावू नको. मी "हो" म्हटलं आणि रोप घेऊन परत आले. तेच हे झाड.

तीन वर्षांनी मी वैशाखात माहेरी आले. मला पाचवा महिना लागला होता. आई घरात मुकी फिरत होती. विचारलं तर म्हणाली, मास्तर आंब्याचं लग्न लावताहेत.

झालं होतं असं की मास्तरांचे दात पडायला लागले होते. एके दिवशी ते आमच्याकडे आले आणि आईला म्हणाले, "वयनी, दात जाऊन राह्यले. आता नाई खाल्ला तं मंग कवा खाऊ? तुमी दोघं बसान का पाटावर, तुमी तिच्या जागी? पयला आंबा तुमीच खाल्ला होता. तुमच्या डोयात पानी आलं होतं, ते मी इसरलो नाई." आई नाही म्हणू शकली नाही. होही म्हणाली नाही. मास्तर पंचांग बघून तिथी धरून गेले.

त्या आठ दिवसांत आईनं अन्न असं खाल्लं नाही. बाबा म्हणाले, सांगून टाकू. आई म्हणाली, आता सांगणार, मंडपात? शेवटी ती याकूबचाचांकडे गेली. चाचा म्हणाले, भाभी, घोर लावून घेऊ नका. साखऱ्याचा आंबा रंगानं घरच्यासारखाच दिसतो. एक चांगला पिकलेला निवडून मी जवळ ठेवतो. मास्तरांना द्यायची वेळ आली की ताटात तो ठेवायचा. आयुष्यभर जिभेनं इमानदारी केली, एक दिवस हातानं बेइमानी करू. आईला रडू आलं आणि हसूही आलं, आणि त्या दिवशी ती थोडी जेवली.

लग्नाला रिठदचा अर्धा गाव आला होता. घरच्याच्या बुंध्याला हळद लावलेली, फेटा बांधलेला, पायाशी चमेलीचा लहानसा वेल काडीला धरून उभा. आईबाबा पाटावर. मधे अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, आम्ही झाडावर आणि वेलावर अक्षता टाकल्या. मास्तर बाजूला उभे होते, तोच कोट घालून. अक्षता टाकताना त्यांची मूठ उघडायला वेळ लागत होता. चाचा ताटापाशी उभे, कमरेच्या रुमालात साखऱ्याचा आंबा. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मग मास्तरांनी झेला घेतला. मी काढून देतो, म्हणत चाचा पुढे झाले, पण मास्तरांनी नुसता हात वर केला. फांदी निरखून त्यांनी एक आंबा हेरला आणि काढला. कोटाला पुसला. ताट नको म्हणाले. तिथेच, झाडाखाली उभ्यानं, त्यांनी तो तोंडाला लावला. चाचांचा हात रुमालावरच राहिला. आईनं पाटावर बसल्या बसल्या पदर तोंडात धरला. काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

मास्तरांचे डोळे मिटले. मानेची शीर ताठ झाली. आम्हाला माहीत असलेलं सगळं, एकामागून एक, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत गेलं. त्यांनी आंबा टाकला नाही. हळूहळू शेवटपर्यंत चोखला, कोय हातात धरली आणि आमच्याकडे बघितलं. आधी आईकडे, मग बाबांकडे, मग चाचांकडे. रागानं नाही. वर्गात सगळ्या पोरांचं उत्तर एकसारखं चुकलं की ते कोणी कोणाचं बघून लिहिलं हे शोधताना जसे बघायचे, तसं.

आणि मी काय करत होते? सांगायची लाज वाटते. माझ्यासमोरच्या डालीत घरचे आंबे होते. वासानं मला राहवलं नव्हतं, आणि सगळे मास्तरांकडे बघत असताना मी एक उचलून खात होते. दहा वर्षं ज्याला भ्यायले तो आंबा त्या दिवशी मला असा लागला की पोटातून हाक यावी. रस कोपरापर्यंत आला होता तरी मला भान नव्हतं. मान वर केली तेव्हा मास्तर समोर उभे होते.

पूर्वीसारखे ते उकिडवे बसले. गुडघ्यांचा आवाज झाला. "कसा हाये गंगे?" त्यांनी विचारलं.

या वेळी मी आईकडे पाहिलं नाही. "आंबट आहे, मास्तर," मी म्हटलं. "पहिल्यापासून आंबटच आहे. पण आज मले हाच पाह्यजे. याच्यासारखा आंबा मी जन्मात खाल्ला नाही."

मास्तरांची जीभ वरच्या ओठाला लागली आणि तिथेच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि पटकन नजर खाली घेतली. मग बोलले ते आम्हाला कोणालाच उद्देशून नव्हतं.

"तिच्या पोटात लेकरू होतं तवा. डाल आनली त्या टायमाले. ते समदं संग गेलं, म्हून मी कोनाले सांगतलं नाई. तिले आंबटच पाह्यजे होतं." त्यांनी हातातली कोय उलटीसुलटी केली. "तिचाच आंबा आला. अगदी तोच आला. कोनी एकानं मले आंबट हाये म्हनलं असतं, तं मले तवाच वळखू आला असता."

आम्ही त्यांना दुःख होऊ नये म्हणून खोटं बोललो होतो. ज्या एका शब्दानं त्यांना त्यांची बायको ओळखू आली असती, नेमका तोच शब्द आम्ही दहा वर्षं दाबून ठेवला होता. आई पाटावरून उठून पुढे आली. मास्तर म्हणाले, जेवणं उरकून घ्या वहिनी, लांब जायचं आहे.

पंगती उठल्या. मास्तरांनी सगळ्यांना आग्रह करून रोडगे वाढले, रिठदच्या लोकांची चौकशी केली, चाचांच्या बैलाच्या शिंगाला नेहमीसारखा हात लावला. कोणाला कोणत्याही आंब्याची चव विचारली नाही. चाचांनी कमरेचा आंबा हळूच काढून आमच्या धाकट्याला दिला. उन्हं कलली तशा बंड्या जुंपल्या. मास्तर त्या दिवशी आमच्याबरोबर येणार नव्हते, दोन दिवस इथेच राहतो म्हणाले. त्यांना मी पाहिलं ते तेवढंच. माझं बाळंतपण अवघड गेलं, नंतर बरेच दिवस वाशीमला येणं झालं नाही, आणि पुढल्या पावसाळ्यात ते गेल्याचं बाबांचं पत्र आलं.

त्या संध्याकाळी बंडी नाल्यात उतरायच्या आधी मी मागे वळून पाहिलं. ते घरच्याच्या बुंध्याला टेकून खाली बसले होते, हळदीनं कोटाची पाठ पिवळी होत असेल याची त्यांना पर्वा नव्हती. मांडीवर दोन कोयी होत्या आणि हातात तिसरा आंबा.